अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमधली ओटी आणि पीटी, आमचा तीन वर्षांचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा आता तिसरीत आहे आणि किंडरगार्टनपासून त्याला पब्लिक म्हणजे इथल्या सरकारी शाळेतच ऑक्युपेशनल थेरपी (ओटी, हाताची बारीक आणि रोजची कामं जमण्यासाठी) आणि फिजिकल थेरपी (पीटी, चालणं, जिना, तोल यासाठी) मिळतेय, एक डॉलरही न भरता. आपल्या बऱ्याच लोकांना हे माहितीच नसतं, आम्हालाही नव्हतं, म्हणून सगळं लिहितेय.

तेव्हा त्याला पेन्सिल नीट धरता यायची नाही, डबा उघडायला मदत लागायची, आणि जिना उतरताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी. टीचर म्हणाल्या थोडं थांबून बघू, पण आम्ही नाही थांबलो. शाळेच्या चाइल्ड स्टडी टीमला, म्हणजे मुलाला खास मदत लागते का ते तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाला, तपासणीसाठी लेखी अर्ज दिला, आणि लेखी हे फार महत्त्वाचं आहे कारण इथे अर्ज मिळाल्यापासून 20 दिवसांत मीटिंग घ्यावी लागते, आणि आपण तपासणीला सही दिली की 90 दिवसांत तपासणी होऊन, मूल पात्र ठरलं तर आयईपी, म्हणजे मुलाचा लेखी प्लॅन, सुरू व्हायला हवा. दुसऱ्या राज्यांत मुदती वेगळ्या असतात. यामागचा कायदा 1975 चा आहे, आता त्याला आयडिया (IDEA, अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा कायदा) म्हणतात, आणि तो ग्रीन कार्ड आहे का व्हिसा हे बघत नाही.

ओटीवाल्या बाई खरंच गुणी मिळाल्या. आठवड्यातून दोनदा 30 मिनिटं, त्यात थेरपी पुट्टीतून (मळायच्या घट्ट मातीसारख्या गोळ्यातून) मणी शोधून काढ, कात्री चालव, तिरक्या बोर्डवर कागद ठेवून लिही असलं सगळं. त्यांनी विचारलं की घरी हाताने काय काय कामं करता, तर सासूबाई तेव्हा इथेच होत्या, त्या म्हणाल्या मटार सोलतो आम्ही, रांगोळीचे ठिपके काढतो, बाईंनी तेच लिहून घेतलं आणि म्हणाल्या रोज दहा मिनिटं हेच करून घ्या! आजी-नातवाने तो हिवाळा किलोकिलोने मटार सोलले. पहिलीच्या शेवटी शर्टाची बटणं स्वतःची स्वतः लावायला लागला, मला त्या दिवशी रडू आलं.

पीटी तेवढी सुरळीत नाही झाली. दुसरीत असताना थेरपिस्ट मध्येच नोकरी सोडून गेले आणि जवळजवळ सात आठवडे एकही सेशन झालं नाही, आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही, मुलानेच सांगितलं की ते सर येत नाहीत. फार राग आला होता. मग केस मॅनेजरला, म्हणजे मुलाचा आयईपी सांभाळणाऱ्या शाळेतल्या व्यक्तीला, ईमेल केली, सेशनच्या नोंदी मागितल्या, आणि बुडालेली सेशन्स भरून द्या असं लिहिलं. दिली त्यांनी. आयईपीत जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढी देणं शाळेची कायदेशीर जबाबदारी असते, माणूस मिळत नाही हे कारण चालत नाही.

अजून एक, शाळेची थेरपी शाळेत लागेल तेवढ्यापुरतीच असते. आमच्या डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा लिहून दिलं होतं तरी शाळेने दोनदाच धरली, कारण ते वर्ग, जिना, बस, मैदान एवढंच बघतात. सायकल शिकवायला आम्ही बाहेरची थेरपी लावली, तिथे इन्शुरन्स आणि कोपेची (दर भेटीला आपण भरायच्या रकमेची) कटकट आहेच.

आयईपीच्या मीटिंगला जाताना त्यातले गोल्स, म्हणजे मुलाने काय गाठायचं ते, नीट वाचा. आमच्या पहिल्या प्लॅनमध्ये नुसतं 'हस्ताक्षर सुधारेल' असं होतं, आम्ही ते बदलून 'दोन शब्दांत जागा सोडून, ओळीवर, 5 पैकी 4 वेळा' असं करून घेतलं, मग प्रोग्रेस रिपोर्टमध्ये काय झालं काय नाही ते कळायला लागलं. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा मागा, तोही शाळेनेच द्यायचा असतो. आणि तिथल्या तिथे सही करायची घाई करू नका, कागद घरी आणून वाचा.

ओटीला पाचपैकी पाच, पीटीला तीन. या वर्षी ओटी आठवड्यातून एकदाच केलीय कारण त्याला आता तेवढी गरज नाहीये, आणि रविवारच्या मराठी शाळेत 'क्ष' आणि 'ज्ञ' ओळीवर काढतो.