पेटी की मांडणी? मुलांची खेळणी ठेवायची कशात

दिवाळीची आवराआवर निघाली की आमच्या इंदुरात हा प्रश्न हमखास येतो: खेळण्यांसाठी झाकणाची मोठी पेटी घ्यावी की उघडी, बुटकी मांडणी? आमच्या घरात आधी पेटी होती, आता मांडणी आहे. दोन्हींचा अनुभव सांगते.

पेटीचं सुख खोटं नाही. पाहुणे जिना चढताहेत तोवर सगळं आत कोंबून झाकण लावलं की खोली मोकळी. उन्हाळ्यातली धूळ खेळण्यांवर बसत नाही. वर गादी टाकली तर बसायलाही होतं.

पण लहान मुलाला तळाचं काही दिसत नाही. आमच्या मुलाला एकदा लाल इंजिन हवं होतं. त्यानं अख्खी पेटी उपडी केली आणि इंजिन सापडेपर्यंत खेळायचं काय होतं तेच विसरला. तळाशी निघाले टोपणं हरवलेले स्केचपेन, कोड्याचे सुटे तुकडे आणि माझ्या आजीच्या पितळी भातुकलीतली चूल, एका कडेला चेपलेली. ती चूल हातात घेतली तेव्हाच पेटी हलवायचं ठरलं.

आता तीच भातुकली मांडणीच्या खालच्या फळीवर एका ताटात असते: चूल, पोळपाट-लाटणं, बोटभर झारा, कळशी. मुलगी ताट उचलते, खेळते आणि बहुतेक वेळा परत तिथेच ठेवते, कारण रिकामी जागा तिला समोर दिसते. मॉन्टेसरी पद्धतीच्या बालवाडीत फळ्या बुटक्या आणि उघड्या असतात त्या याचसाठी.

मात्र मांडणी गच्च भरली तर ती पेटीपेक्षा वाईट. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी दिली होती. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आम्ही फळ्यांवर आठ-दहाच ठेवतो. बाकीची पेटीपलंगात. पंधरा दिवसांनी अदलाबदल केली की जुनंच खेळणं नव्यासारखं हाती येतं.

मांडणीला रोज फडकं मारावं लागतं, हे आधीच सांगते. शिवाय मुलं तिच्यावर चढतात, म्हणून ती भिंतीला स्क्रूनं पक्की केलीच पाहिजे. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडता येत नसतील तर उंच मांडणी आणू नका, जमिनीवर उथळ टोपल्या ठेवा. पेटीच हवी असेल तर झाकण आपोआप धाडकन पडणार नाही अशी बिजागरी, हवेसाठी भोकं आणि कडी-कुलूप नसलेली बघा. मुलं लपायला आत शिरतात.

मूल दोन ते सहा वर्षांचं असेल तर मी डोळे झाकून मांडणी घ्या म्हणेन. घरात रांगतं बाळही असेल तर मोठ्या भावंडाचे मणी आणि बारीक ठोकळे घट्ट झाकणाच्या डब्यात, वरच्या कपाटात. सात-आठच्या पुढच्या मुलांना पेटी चालते. आपली बॅट आणि चेंडू ती स्वतः शोधून काढतात.

पण काहीही विकत आणण्याआधी कमी करा, आणि मुलांसमोर करा. पाठीमागे टाकलेलं खेळणं मूल महिनाभर मागत राहतं, हे आम्ही सोसलं आहे. चांगल्या स्थितीतली खेळणी महापालिकेच्या आरआरआर केंद्रात, म्हणजे वापरलेल्या वस्तू पुन्हा वापरासाठी जमा करतात तिथे, देता येतात. मोडकी बॅटरीची खेळणी मात्र इतर प्लास्टिकबरोबर टाकू नका. आपल्या इंदुरातल्या कचरागाडीला इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, त्यात द्या. आणि देण्याआधी बटणासारखे चपटे सेल मोजून काढा. असा एक सेल मुलानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.