सुताराचं कपाट की खोक्यातलं?

भाड्याच्या घरासाठी कपाट सुताराकडून करून घ्यावं की खोक्यात येतं ते घरी जोडावं? मी दोन्ही केलंय. मजबुतीत सुताराचं वरचढ, यात वाद नाही. १८ मिमी प्लाय, वर सनमायका, हवा तिथे कप्पा. साड्यांच्या ओझ्याने फळी तसूभर वाकली नाही. सुतार ‘उद्या नक्की’ म्हणत तीन आठवडे लावतो, घरभर भुसा होतो, ते एकवेळ चालतं.

अडलं ते घर सोडताना. ११ महिन्यांचा करार संपला आणि मालकांना घर मुलासाठी हवं होतं. सामान हलवणाऱ्या पोरांनी कपाट आडवं करून दारातून कसंबसं काढलं, पण बाहेरच्या बोळात ते वळेना. सात फुटी धूड, जोडलेलं खोलीतच. फेविकॉलचे सांधे, वर खिळे; सोडवायचं म्हणजे फोडायचंच. शेवटी मालक म्हणाले, ‘राहू द्या इथेच.’ फुकटात!

पुढच्या घरी मग खोकी मागवली. दीड रविवार गेला, ॲलन चावीने, म्हणजे खोक्यातच येणाऱ्या सहा कोनी वाकड्या चावीने, तळहाताला फोड आला, एक फळी उलटी बसली. माल पार्टिकल बोर्डचा, म्हणजे दाबलेला भुसाच. फरशी पुसताना पाणी लागलं की तळ फुगतो, म्हणून खाली प्लास्टिकचे पाय लावून घेतले. खरी भीती असते ती उघडून पुन्हा जोडताना. कॅम लॉक, म्हणजे फळ्या एकमेकींना धरून ठेवणारे गोल खटके, अर्धा वळसा दिला की मुकाट सुटतात, पण माझ्या बिजागरीचे दोन स्क्रू दुसऱ्या खेपेला नुसतेच फिरायला लागले. काडेपेटीतल्या काड्या फेविकॉलात बुडवून भोकांत ठोकल्या, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी स्क्रू घट्ट बसले. ड्रिल मशीन मात्र लावू नका, हातानेच आवळा.

स्वतःचं घर असेल तर कदाचित मीही सुतारच बोलावीन, आणि ओलीच्या भिंतीसाठी आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय मागेन. तोवर आमचं खोक्यातलंच बरं. तिसरं घर बघेल की नाही सांगवत नाही, पण फळ्यांच्या आतल्या बाजूला पेन्सिलने आकडे घालून ठेवलेत. ॲलन चावी दाराच्या आत चिकटपट्टीने डकवलीय. गेल्या खेपेला ती शोधण्यात अख्खी सकाळ गेली होती.