साइटवर ‘पेमेंट झालं’ दिसलं म्हणून माल सोडू नका

सांगली-तासगावकडून बेदाणा, हळद ऑनलाइन विकणाऱ्या प्रत्येकाने हे वाचा. माझ्या गोदामातून ७३,८०० रुपयांचा बेदाणा गेला आणि त्याचे मिळाले ३ रुपये. तीन ऑर्डरी, प्रत्येकीचा १ रुपया. वर ट्रान्सपोर्टचे २,१६० मीच भरले.

खोटे स्क्रीनशॉट, क्यूआर कोड, ‘चुकून पैसे आले, परत पाठवा’ हे प्रकार आपल्याला पाठ आहेत. त्यांना मी कधी फसले नाही. इथे माझ्याच साइटने खोटं सांगितलं. १५ किलोचे आधी ३ बॉक्स, मग ४, मग ५. किलोला ४१० रुपये, म्हणजे १८,४५०, २४,६०० आणि ३०,७५०. तिन्हींपुढे हिरव्या अक्षरात ‘पेमेंट झालं’.

झालं होतंच, पण १ रुपयाचं! रक्कम ग्राहकाच्या ब्राउझरमधून गेटवेकडे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात जमा करणाऱ्या कंपनीकडे, जात होती. त्याने मधल्या मध्ये १८,४५० चा १ केला. गेटवेने ‘यशस्वी’ कळवलं आणि साइटने किती रुपये आले हे न बघताच ऑर्डर पक्की केली. एचटीटीपीएस होतं, कुलपाचं चिन्ह होतं. वाटेत कोणी माहिती चोरू नये एवढंच त्याचं काम. भरणाराच आकडा बदलत असेल तर ते काय करणार?

पहिल्याच ऑर्डरीला गेटवेचा ईमेल आला होता. ‘१ रुपया जमा.’ मी तो वाचला होता, हे आठवलं की आजही जीव जळतो. आमचा डेव्हलपर अधूनमधून १ रुपयाचं टेस्ट पेमेंट करायचा, त्यातलंच असेल असं धरलं. दिवाळीची गर्दी, पॅकिंगला मी आणि जाऊबाई दोघीच. गेटवेचे पैसे दोन कामाच्या दिवसांनी, सगळ्यांचे एकत्र, कमिशन कापून येतात; त्यात कोणाचे किती हे बँकेच्या मेसेजवरून कळत नाही. पण त्या ईमेलमध्ये ऑर्डर नंबर होता. तेवढा जुळवला असता तर एकही बॉक्स हलला नसता. रोज गेटवेचा रिपोर्ट उघडा, ऑर्डर नंबर आणि रक्कम जुळली तरच बिल्टी (ट्रान्सपोर्टची पावती) करा.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, “ताई, खात्यातून किती कट झाले?” काहीच नाही. “मग फ्रॉड कसला? उधारी राहिली म्हणा, दिवाणी कोर्टात जा.” उधारी! भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे, फसवून माल काढून घेणं त्यात येतं, हे मी त्यांना सांगायचं? अर्जात व्यवहाराची रक्कम १ रुपया बघून तिथला एकजण हसला. बिल्टी दिली, माल जिथे उतरला ते पुण्यातलं गोदाम सांगितलं, माल उचलणाऱ्याचा मोबाइल नंबर दिला. एक फोन लावायचा होता, तोही लावला नाही. डेव्हलपर म्हणतो गेटवेची चूक, गेटवेवाले म्हणतात तुमच्या साइटची.

खात्यातून पैसे गेले असतील तर मात्र क्षणभरही थांबू नका, १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. अनोळखी गिऱ्हाइकाची दुसरी मोठी ऑर्डर पहिलीची पूर्ण रक्कम गेटवेच्या रिपोर्टमध्ये दिसेपर्यंत रोखा. आणि साइट करून देणाऱ्याला आजच विचारा: रक्कम सर्व्हरवर आपल्या दरपत्रकातून काढता का? गेटवेकडून आलेल्या ‘यशस्वी’ या निरोपावरची डिजिटल सही तपासता का? उत्तर लेखी घ्या. ‘मॅडम, सगळं सेफ आहे’ हे तोंडी मलाही सांगितलं होतं.