माहेरचं नाव शोधताना: अमेरिकेतल्या काउंटी विवाहनोंदींचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या जूनपासून जवळजवळ दर शनिवारी सकाळी मी फॅमिलीसर्च या वंशावळ शोधण्याच्या संकेतस्थळावर अमेरिकेतल्या काउंटींच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या, विवाहनोंदी वाचत बसते. आठ महिने झाले. वाचलेल्या नोंदी १९०० ते १९२५ या काळातल्या आणि मुख्यतः दोन ठिकाणच्या आहेत. एक म्हणजे इलिनॉयमधली कुक काउंटी, म्हणजेच शिकागो. दुसरी तिला लागूनच असलेली, पण राज्याची हद्द ओलांडून इंडियानात गेलेली लेक काउंटी. ज्यांचं सासर किंवा मुलांचं आजोळ अमेरिकन आहे अशी मराठी घरं आता पुष्कळ आहेत. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. बाईमाणसाचा माग काढायचा असेल तर त्या काळातलं याहून चांगलं कागदपत्र मला सापडलेलं नाही. फक्त तिला तिच्या नावाने शोधू नका, तिच्या आईबापांच्या नावाने शोधा. हे कळायला मला पाच महिने लागले.

सुरुवात झाली ती लेकीच्या शाळेतल्या वंशवृक्षापासून. माझ्या बाजूला वडिलांच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत आहे, त्यात नऊ पिढ्या ओळीने आहेत. पण माझ्या आईच्या आईच्या आईचं माहेरचं आडनाव काय, हे सांगणारं आज घरात कोणी उरलेलं नाही. ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं तिथेच संपलं. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या आहेत, पण तिथेही पाळंमुळं शोधायची ती घराण्याचं आडनाव आणि मूळ गाव सांगूनच. सासरी वेगळं काही असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. सासूबाईंनी काढून दिलेल्या यादीत पुरुषांची पूर्ण नावं होती आणि बायकांची नुसती पहिली.

सासूबाईंचं माहेर पोलिश, दक्षिण शिकागोतल्या पोलाद कारखान्यांच्या भागातलं. त्यांच्या आजीचं लग्न 'शिकागोत कधीतरी पहिल्या महायुद्धाच्या आसपास' झालं एवढंच घरात माहीत होतं. हाताशी एकच कागद होता, त्या आजीच्या बाप्तिस्म्याचा, १८८९ सालचा, लॅटिनमध्ये लिहिलेला. त्यावर तिच्या वडिलांचं नाव होतं आणि आईचं नाव माहेरच्या आडनावासकट होतं. हा कागद सासूबाईंनी इतकी वर्षं जपून ठेवला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता या नोंदी नेमक्या काय असतात ते सांगते, कारण हे न समजताच मी पहिले दोन महिने वाया घालवले. अमेरिकेत लग्नांची देशपातळीवर नोंद ठेवणारी वही नाही. लग्नाचा परवाना बहुतेक राज्यांत काउंटी देते. इंडियानात सर्किट कोर्टाचा क्लार्क, इलिनॉयमध्ये काउंटी क्लार्क, ओहायोत प्रोबेट कोर्ट. एका लग्नाचे कागद तीन असू शकतात: जोडप्याने केलेला अर्ज, त्यावर मिळालेला परवाना आणि लग्न लावणाऱ्या पाद्र्याने किंवा मॅजिस्ट्रेटने सही करून परत पाठवलेला दाखला. परवाना आहे पण दाखला परत आलेला नाही, अशी जोडपी वह्यांत भेटतात. त्यांचं लग्न झालंच असं धरून चालू नये. शिकागोपुरती आणखी एक गोष्ट म्हणजे १८७१ च्या आगीत कुक काउंटीचे आधीचे कागद जळून गेले, त्यामुळे त्याआधीच्या पिढीसाठी चर्चच्या वह्यांकडेच वळावं लागतं.

राज्या-राज्यात कागद किती वेगळा बोलतो हे पाहून मी थक्क झाले. कुक काउंटीचे त्या काळातले जे परवाने मी पाहिले त्यांवर वधूवरांची नावं, वयं आणि राहण्याचं ठिकाण, एवढंच. आईबापांचा पत्ताच नाही. हद्द ओलांडून इंडियानात गेलं की १९०५ नंतरचा अर्ज म्हणजे अख्खं पान! जन्म कुठे आणि कधी, व्यवसाय, वडिलांचं नाव, त्यांचं जन्मस्थान आणि व्यवसाय, आईचं माहेरचं पूर्ण नाव, तिचं जन्मस्थान, हे पहिलंच लग्न का, नसेल तर आधीचं कशाने संपलं. हे सगळं वधूसाठीही, वरासाठीही. वंशावळ शोधणाऱ्याला आणखी काय हवं?

पण पान पुढे वाचत गेलं की मन खट्टू होतं. अर्जदाराला क्षय, अपस्मार किंवा संसर्गजन्य रोग आहे का, नवरदेव गेल्या पाच वर्षांत काउंटीच्या गरीब-निराधारांच्या आश्रयगृहात होता का, कुटुंब पोसायला समर्थ आहे का, असे प्रश्न तिथे आहेत. 'कमकुवत' माणसांनी लग्न करू नये, या विचाराने १९०५ चा कायदा झाला होता. याच राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा जगातला पहिला कायदा केला. मला जी माहिती सोन्यासारखी वाटते ती ज्या अर्जावर आहे, त्याच अर्जाने गरीब माणसाला दाराशी उभं करून तू लग्नाच्या लायकीचा आहेस का असं विचारलं होतं. हे पान उघडताना दरवेळी ते आठवतं, आणि आठवायलाच हवं.

शोधाची खरी अडचण नावांची. स्तानिस्लावाची स्टेला होते, वोइचेखचा आल्बर्ट, व्लादिस्लावचा वॉल्टर. पोलिशमध्ये एल या अक्षराला मधून आडवी रेघ असते, ती कोणीतरी टी म्हणून वाचतो आणि आडनाव ओळखू येत नाही. जन्मस्थानाच्या रकान्यात 'पोलंड' शोधत बसू नका. १९१८ पूर्वी पोलंड नकाशावरच नव्हता, त्यामुळे शेजारशेजारच्या गावांत जन्मलेली माणसंही जर्मनी, रशिया, ऑस्ट्रिया अशी विखुरलेली दिसतात. दुसऱ्या एका पैसे भरायच्या संकेतस्थळावर सासूबाईंच्या आजोबांच्या आडनावाचं पहिलंच अक्षर चुकीचं टिपलेलं होतं. त्या एका अक्षरापायी मी ऑगस्ट आणि सप्टेंबर कुक काउंटीच्या याद्या चाळण्यात घालवले.

नोव्हेंबरमध्ये एका शनिवारी मी वधूवरांच्या नावांचे रकाने रिकामे सोडले, फक्त वधूच्या आईबापांची नावं भरली आणि ठिकाण काढून टाकलं. तिसऱ्या ओळीत लेक काउंटी, इंडियाना, ऑक्टोबर १९१५. वडील जुळले, आईचं माहेरचं आडनाव एका अक्षराच्या फरकाने जुळलं, वर सासूबाईंचे आजोबा. पण वधूचं आडनाव आम्ही कधीही न ऐकलेलं.

मूळ पानाचं छायाचित्र उघडलं. हे पहिलं लग्न आहे का? नाही. आधीचं कशाने संपलं? मृत्यू, १९१२. आजी विधवा होती. तिने पहिल्या नवऱ्याच्या आडनावाने अर्ज केला होता, म्हणून माहेरच्या नावाने ती सापडत नव्हती. अनुक्रमणिकेतल्या ओळीत यातलं काहीच नव्हतं. म्हणून कळकळीने सांगते, यादीतल्या ओळीवर समाधान मानू नका, पानाचं छायाचित्र बघितल्याशिवाय उठू नका.

राहण्याचं ठिकाण म्हणून तिने लेक काउंटीतलं हॅमंड लिहिलं होतं. 'आजी हॅमंडला कधीच राहिली नाही,' सासूबाई म्हणाल्या. इंडियानात परवाना वधूच्या राहत्या काउंटीतून घ्यायचा असा नियम होता, त्यामुळे पलीकडून आलेल्या मुलीला पत्ता इकडचा द्यावा लागे. परवाना आणि लग्न एकाच दिवशीचं, क्राउन पॉइंटला, मॅजिस्ट्रेटसमोर. लेक काउंटीचं हे मुख्य ठिकाण झटपट लग्नांसाठी प्रसिद्धच होतं. मूकपटांचा नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो १९२३ साली इथेच बोहल्यावर चढला. तेव्हा शिकागोचं लग्न शिकागोत सापडलं नाही तर हद्दीपलीकडे बघा. मेरीलँडमधलं एल्कटन आणि अ‍ॅरिझोनातलं युमा हीसुद्धा अशीच गावं.

पहिल्या लग्नाचं आडनाव कळल्यावर बाकीचं पटापट उलगडलं. कुक काउंटीत १९०८ चा परवाना मिळाला. मग १९१० ची जनगणना. त्या वर्षी बायकांना विचारलं जाई की मुलं किती झाली आणि त्यांतली किती हयात आहेत. तिच्या नावापुढे लग्नाला वर्षं दोन, मुलं एक, हयात शून्य. शून्याचा आकडा नीट गोल काढलेला आहे. मी त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

सासूबाईंना सांगावं की नाही, असा प्रश्न पडला. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि आजीच्या मांडीवर वाढलेल्या. शेवटी कागद छापून नेले आणि समोर ठेवले. त्या बराच वेळ ते आडनाव बघत राहिल्या. मग म्हणाल्या, 'हे नाव मी दगडावर वाचलं आहे.' दोन नोव्हेंबरला, पितरांच्या दिवशी, पोलिश घरांत कबरींवर मेणबत्त्या लावतात. आजी आपल्या माणसांच्या कबरींवर लावून झाल्या की कोपऱ्यातल्या एका परक्या कबरीवर दोन मेणबत्त्या लावायची. विचारलं की म्हणायची, शेजारी होता. 'दोन का, हे आम्ही कधी विचारलंच नाही,' सासूबाई म्हणाल्या.

त्याच अर्जावरचा आणखी एक रकाना मला फार लागला. वराचं जन्मस्थान: जर्मनी. तो तेव्हा जर्मनीच्या ताब्यात असलेल्या पोझनान भागातला पोलिश, म्हणून कागदावर जर्मन, आणि १९१५ साली अजून अमेरिकेचा नागरिक न झालेला. १९०७ च्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्व जाई. म्हणजे शिकागोत जन्मलेली ही मुलगी त्या दुपारी क्राउन पॉइंटहून परतली तेव्हा कायद्याच्या लेखी जर्मन झाली होती. १९१७ साली अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरली. १९१८ च्या जूनमध्ये जर्मन प्रजाजनांच्या बायकांना, त्या अमेरिकेत जन्मलेल्या असल्या तरी, 'शत्रुदेशीय' म्हणून नाव नोंदवायला बोलावलं गेलं. पुढे १९२१ मध्ये नवरा नागरिक झाला तेव्हा तिचं नागरिकत्व तिला परत मिळालं. मी हात वर करून शपथ घेतली आणि या देशाची नागरिक झाले, तो दिवस मला लख्ख आठवतो. तिने काहीही न करता ते गमावलं आणि काहीही न करता परत मिळवलं.

१९२२ च्या सप्टेंबरमध्ये लग्नामुळे नागरिकत्व जाण्याचा हा कायदा बदलला, पण ज्यांना नागरिक होण्याचा हक्कच नाही अशांशी लग्न करणाऱ्या बायकांना सूट मिळाली नाही. त्यात आपणही होतो. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं. ही अट १९३१ पर्यंत टिकली. कॅलिफोर्नियातल्या इंपीरियल काउंटीत पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन मुलींशी केलेली लग्नं याच जातीच्या वह्यांत नोंदलेली आहेत. तिथे वर्णाच्या रकान्यात क्लार्क काय लिहितो यावर परवाना मिळणार की नाही हे ठरायचं, कारण गोऱ्यांशी लग्नाला बंदी होती. त्या पानांकडे मी अजून वळलेले नाही, पण वळणार आहे.

वापराबद्दल थोडं. फॅमिलीसर्चला पैसे पडत नाहीत, फक्त खातं उघडावं लागतं. हे संकेतस्थळ चालवणाऱ्या यूटामधल्या मॉर्मन चर्चने १९३८ पासून जगभरातल्या दप्तरांची मायक्रोफिल्म केली, ती आता डिजिटल झाली आहे. काही चित्रं घरून उघडत नाहीत, कारण मूळ दप्तरखान्याशी केलेल्या करारात तशी अट असते. अशा वेळी फॅमिलीसर्चच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात जाऊन बघावी लागतात. आमच्या गावच्या वाचनालयात ती सोय निघाली, त्यामुळे माझं अडलं नाही. २०२४ पासून यंत्राने हस्ताक्षर वाचून पूर्ण मजकुरात शोधण्याची सोय आली आहे. साक्षीदार, जामीन, संमती देणारे वडील अशी अनुक्रमणिकेत न आलेली नावं तिने सापडतात. यंत्रही चुकतं, पण माणसापेक्षा वेगळ्या ठिकाणी चुकतं, म्हणून दोन्ही वापरावं.

एका काउंटीच्या कचेरीला मी प्रत मागणारं पत्र पाठवलं होतं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, अशी नोंद नाही. नोंद होती. त्यांनी फक्त वरांची सूची बघितली होती, वधूंची सूची वेगळ्या वहीत असते. पत्र लिहाल तेव्हा 'दोन्ही सूची पाहाव्यात' असं स्पष्ट लिहा आणि जमलं तर खंड व पानाचा क्रमांक द्या. वयावर फार विसंबू नका. वधू नेमकी १८ किंवा वर नेमका २१ दिसला की मी दुसरा पुरावा शोधते, कारण त्याखाली आईबापांची संमती लागायची.

सासूबाईंनी आता वंशवृक्षाच्या कागदावर आजीच्या नावाशेजारी पहिल्या नवऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहिलं आहे आणि खाली एक लहानसं वर्तुळ काढून ठेवलं आहे, नाव न सापडलेल्या बाळासाठी. मी आता एक पिढी मागे गेले आहे. आजीच्या आईबापांचं लग्न पोलंडमध्येच झालं असणार, म्हणून पोझनान प्रोजेक्टमध्ये शोध घेतला. पोझनान भागातल्या एकोणिसाव्या शतकातल्या विवाहनोंदींची ती मोठी सूची आहे. इंडियानातल्या क्लार्कने कानाने ऐकून लिहिलेलं आईचं आडनाव तिथे एका अक्षराच्या फरकाने सापडलं. १८८४ साल, वर सव्वीस वर्षांचा, वधू एकवीस वर्षांची, आणि या वेळी दोन्ही आडनावं माहेरचीच.