काकांच्या माघारी ‘पक्ष्यांचे खाद्य मिळेल’

नाशिकच्या रविवार कारंज्यापासून जुन्या गावाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत हे दुकान आहे. पाटीवर दुकानाचे नाव नाही. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘पक्ष्यांचे खाद्य मिळेल’ एवढेच लिहिले आहे, आणि आम्ही पक्षी पाळणारे सगळे त्याला ‘काकांचे दुकान’ म्हणतो. काका गेल्या श्रावणात गेले. आता त्यांची मुलगी, म्हणजे आमच्या ताई, दुकान पाहतात. या पाच महिन्यांत मी तिथून चार वेळा खाद्य आणले आणि डिसेंबरात गावाला जाताना आमच्या दोन बजी (बजरीगर, लहान पोपट) आठ दिवस तिथे ठेवल्या, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. मात्र अकरा वर्षे ज्या माणसाच्या भरवशावर पक्षी सांभाळले, त्याच्याविषयी न लिहिता केवळ दुकानाविषयी लिहिणे मला जमणार नाही.

आधी खाद्य, कारण बहुतेक लोक तिथे त्यासाठीच जातात. बजी आणि फिंच (चिमणीसारखे लहान दाणे खाणारे पक्षी) यांच्यासाठीचे मिश्रण आजही काकांच्याच प्रमाणाने होते: निम्म्याहून अधिक राळे, त्यानंतर वरई आणि बाजरी, आणि थंडीच्या दिवसांत मूठभर कारळे. सूर्यफुलाचे बी त्यात नसते. ते तेलकट असल्यामुळे पिंजऱ्यात बसून राहणारा लहान पक्षी त्यावर लठ्ठ होतो, शिवाय एकदा त्याची चटक लागली की बाकीचे दाणे तो चोचीने उडवून देतो, असे काका सांगत. कॉकाटीलसाठी, म्हणजे तुऱ्याच्या मोठ्या पोपटासाठी, ते वेगळे आणि मोजून मिळते. राळे आणि वरई सालासकट असतात. आपली उपासाची भगर सडून साल काढलेली असते, तिला मोड येत नाहीत, आणि ज्याला मोड येत नाहीत तो दाणा मेलेला, हे काकांचे साधे गणित होते. नवे पोते आले की ते त्यातले १०० दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधून गल्ल्याशेजारच्या ताटलीत ठेवत, आणि पुरेसे मोड दिसल्याशिवाय ते पोते विक्रीला काढत नसत. कितीही मोठे गिऱ्हाईक समोर उभे असले तरी ‘परवा या’ हेच उत्तर मिळे.

काकांच्या माघारी हे टिकेल का, अशी मला शंका होती. डिसेंबरात गेले तेव्हा ताटली जागेवर होती. ताईंनी माझ्यासमोर फडके उलगडले, आतले दाणे फुगून त्यांना तांदळाच्या कणीएवढे पांढरे मोड आले होते, आणि त्या एकेक दाणा नखाने बाजूला सारत पुटपुटत मोजत होत्या. मी मध्ये बोलले नाही. किलोला चार पैसे जास्त पडतात हे खरे आहे, पण घरी आणून परातीत पसरल्यावर त्यात माती, खडे किंवा पोरकिडे सापडत नाहीत, आणि माझ्या मते त्या चार पैशांचे मोल तिथेच वसूल होते.

मी पहिल्यांदा या दुकानात गेले ते २०१४ साली, मुलीच्या वाढदिवसासाठी ‘लव्हबर्डची जोडी’ मागायला. काकांनी समोरच्या पिंजऱ्यातले हिरवे-पिवळे पक्षी दाखवून आधी सांगितले की हे लव्हबर्ड नव्हेत. लव्हबर्ड आफ्रिकेतला, हा बजरीगर, ऑस्ट्रेलियातला, आणि आपल्या बाजारात दोघांची नावे सर्रास एक केली जातात. मग प्रश्न सुरू झाले. स्वयंपाकघर आणि पिंजरा यांत अंतर किती, घरात नॉनस्टिक तवा आहे का, सुटीत गावाला गेलात तर कोण पाहणार. तव्याचा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला. नॉनस्टिकचा लेप फार तापला की त्यातून निघणारा वायू माणसाला बहुधा जाणवतही नाही, पण पक्ष्याचे फुप्फुस इतके नाजूक असते की तो काही मिनिटांत मरू शकतो, हे मला त्या दिवशी कळले. जोडी मिळालीच नाही. ‘आधी पिंजरा ने, आठवडाभर रिकामा ठेव, त्याची जागा घरात ठरू दे, मग पक्षी’ असे म्हणून त्यांनी मला परत पाठवले. मुलीचा वाढदिवस रिकाम्या पिंजऱ्यावर साजरा झाला, आणि मी त्यांच्यावर मनातून रागावले होते, हे आज कबूल करते.

जोडी घरी आल्यानंतर पहिल्याच पंधरवड्यात एक पक्षी मलूल दिसू लागला. वाटी तर भरलेली होती. मी ती वाटी तशीच उचलून दुकानात नेली. काकांनी ती तळहातावर धरून हळूच फुंकर मारली, आणि वरचा सगळा थर उडून गेला. खाली चार-पाच दाणे उरले. बजी दाणा सोलून खातो आणि फोलपट वाटीतच टाकतो, त्यामुळे भरलेली दिसणारी वाटी रिकामी असू शकते. किती घरांत पक्षी असे उपाशी राहत असतील, याचा विचार मी तेव्हापासून सोडलेला नाही. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारण्याची सवय आमच्या घरात त्या दिवशी लागली.

२०२१च्या डिसेंबरातली एक रात्र मला विसरता येत नाही. नाशिकमध्ये तेव्हा कडाक्याची थंडी होती. आमची पिवळी मादी, हळदी, पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली होती आणि तिची शेपटी प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होत होती. रात्री साडेअकराला मी काकांना फोन केला. दुसऱ्या घंटीला त्यांनी उचलला. अंडे अडकले आहे, हे त्यांनी माझ्या वर्णनावरून ओळखले. ‘पोरी, पोटाला हात लावू नकोस, अंडे आत फुटले तर हाती काही राहायचे नाही. ऊब दे.’ पिंजऱ्याच्या बाहेर एका बाजूला ६० वॅटचा पिवळा बल्ब, तीन बाजूंनी चादर, दुसरे टोक मोकळे म्हणजे तिला फार ऊब झाली तर सरकता यावे, बल्बपासून जपून एक ओले फडके म्हणजे हवा कोरडी पडू नये, आणि अंडे पडो वा न पडो, सकाळी उठल्याबरोबर डॉक्टर. इतके सांगून त्यांनी फोन ठेवला नाही. मी बल्ब लावेपर्यंत ते थांबले, आणि रात्री अडीचला त्यांनीच पुन्हा फोन केला. पहाटे अंडे पडले. असे फोन त्यांना सिन्नरहून, निफाडहून, येवल्याहून येत, आणि त्यांतल्या कित्येकांनी त्यांच्याकडून दाणाही विकत घेतलेला नसे.

ती माणसे मी त्यांच्या दहाव्याला गोदाघाटावर पाहिली. ओळखी बहुतेक आवाजाच्या होत्या, चेहरे तिथे पहिल्यांदा दिसले. पिंडाला कावळा लगेच शिवला, आणि शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी, जे फिंच पाळतात, मोठ्याने रडत हात जोडले.

पक्षी सांभाळायला ठेवण्याच्या सोयीविषयी मी निःशंकपणे चांगले लिहू शकते. मागची खोली उन्हाची आहे, आणि बाहेरून आलेले पक्षी घरच्या पक्ष्यांपासून वेगळे ठेवले जातात. पक्षी घेताना त्याचे वजन ग्रॅमच्या काट्यावर होते, रोज सकाळी दाण्याआधी पुन्हा होते, आणि नेताना तुमच्या समोर होते. बजीचे वजन ३० ते ४० ग्रॅम. त्यात तीन-चार ग्रॅम कमी झाले तर तो आजाराचा इशारा असतो, कारण आजारी पक्षी डोळ्यांना दिसू देत नाही, काट्याला दिसतो. दिवाळीत जागा मिळवायची असेल तर नवरात्रातच सांगून ठेवावे, कारण फटाक्यांच्या आवाजामुळे पुष्कळ जण पक्षी तिथे आणून ठेवतात.

पिंजऱ्यांच्या बाबतीत मात्र मी समाधानी नाही. काका आडवा, लांबट पिंजराच ठेवत, कारण पक्षी आडवा उडतो. दोन तारांमधले अंतर १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको म्हणून ते पट्टीने मोजून दाखवत, आणि नव्या जस्ती तारेचा पिंजरा व्हिनेगरने घासून धुतल्याशिवाय देत नसत. आता दारात घुमटाकार रंगीत पिंजरे टांगलेले दिसतात. गिऱ्हाईक तेच मागते, असे ताई म्हणाल्या, आणि त्यांचे पोट दुकानावर आहे हे मला समजते. तरी ते पिंजरे तिथे पाहून जीव तुटतो. आरसे आणि प्लॅस्टिकची खेळणीही आली आहेत. तुम्ही गेलात तर आडवा पिंजरा मागून घ्या, तो आतल्या बाजूला आहे, आणि प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या कमीजास्त जाडीच्या फांद्या लावा. समुद्रफेस (पक्ष्यांना चोच घासायला देतात ते माकूळाचे कवच) पूर्वीसारखाच चांगला मिळतो. दुकान दुपारी एक ते पाच बंद असते आणि गल्लीत गाडी लावता येत नाही.

आपल्याकडचे राघू इथे मिळत नाहीत आणि कधीच मिळत नव्हते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने ते पाळण्यास मनाई आहे, आणि कोणी घरट्यातून पडलेले पिल्लू घेऊन आले तर काका १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर आधी फोन लावून देत, मग त्या माणसाला चहा देत. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव हे परदेशी पोपट असलेल्यांना २०२४च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागली, तेव्हा पोर्टलची भाषा न उमगणाऱ्यांचे अर्ज त्यांनी स्वतः बसून भरून दिले. संक्रांतीला मांज्याने कापलेले पक्षी आजही लोक इथे आणतात आणि ताई त्यांना भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून वनविभागाच्या हवाली करतात.

गल्ल्याखाली एक लांब वही आहे. दुकानातून गेलेल्या आणि सांभाळायला आलेल्या प्रत्येक पक्ष्याला तिच्यात एक पान असते. डिसेंबरात पक्षी परत नेताना ताईंनी हळदीचे पान उघडले. वरच्या ओळी काकांच्या तिरक्या अक्षरात आहेत. त्यांत २०२१ची एक नोंद आहे, जी त्यांनी केली असेल असे मला माहीतही नव्हते: ‘अंडे पहाटे ५.१०ला पडले. डॉक्टरांना दाखवले. मादी दाणा खाते.’ त्याखाली ताईंच्या गोल अक्षरात नवी ओळ होती: ‘आली ३६ ग्रॅम, गेली ३६ ग्रॅम.’