वर्ड २००७ आणि २०१०: मेलची सोय आहे, फक्त दिसत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डातली अडत दुकानं, लहान पतसंस्था, साताऱ्यात कोर्टाच्या कामाचं टायपिंग करणारे, अशा ठिकाणी वर्ड २००७ किंवा २०१० अजूनही वापरात दिसतं. श्रीलिपी फाँटमधली जुनी पत्रं आणि हिशोबपट्ट्यांचे नमुने त्यातच साठलेले असतात, शिवाय जुन्या मशीनवर ते हलकं चालतं. टायपिंगला दोन्ही आवृत्त्या चोख आहेत. मेलच्या बाबतीत मात्र २०१० स्पष्टपणे सरस आहे, आणि त्यातली 'सेंड ॲज पीडीएफ' ही सोय खटपट करून का होईना, चालू करून घ्यावीच.

आधी गायब बटणाचं बघू. वर्ड २००३ मध्ये फाइल मेनूत 'सेंड टू' होतं आणि त्यात सगळे पर्याय एका जागी सापडायचे. २००७ ला रिबन, म्हणजे मेनूच्या जागी वरची बटणांची पट्टी, आली आणि 'सेंड टू मेल रेसिपियंट' हा पर्याय नजरेआड गेला. तो काढलेला नाही. वर डाव्या कोपऱ्यातल्या क्विक ॲक्सेस टूलबारच्या टोकाचा बारीक बाण दाबा, 'मोअर कमांड्स' उघडा, वरच्या यादीत 'ऑल कमांड्स' निवडा, 'सेंड टू मेल रेसिपियंट' शोधून 'ॲड' आणि 'ओके' करा. यादीत 'ई-मेल' नावाची वेगळी कमांडही आहे, तिथे गल्लत होते. 'ई-मेल'ने फाइल जोडून जाते, तर 'सेंड टू मेल रेसिपियंट'ने मजकूरच मेलच्या अंगात जातो. साधी फाइल जोडायची असेल तर एवढं करायची गरज नाही. २००७ मध्ये ऑफिस बटणाखाली 'सेंड' आहे, २०१० मध्ये फाइल, 'सेव्ह अँड सेंड', 'सेंड युझिंग ई-मेल' असं जायचं.

बटण आलं पण फिकं दिसतंय, किंवा 'डीफॉल्ट मेल क्लायंट नाही' असा संदेश येतोय, तर दोष वर्डचा नसतो. वर्ड स्वतः मेल पाठवत नाही, विंडोजमध्ये ठरवलेल्या मेल प्रोग्रामकडे काम सोपवतं. ऑफिसच्या 'होम अँड स्टुडंट' संचात आउटलुक येतच नाही, विंडोज ७ मध्ये मेल प्रोग्राम मुळातच नव्हता, आणि विंडोज १० चं 'मेल' ॲप (जे २०२४ अखेर बंद झालं) वर्डची ही विनंती घेत नव्हतं. आउटलुक असेल तर आउटलुक २०१० मध्येच फाइल, ऑप्शन्स, जनरल इथे आउटलुकला डीफॉल्ट करण्याची खूण करा. आउटलुक २००७ मध्ये हीच खूण टूल्स, ऑप्शन्स, 'अदर' या टॅबमध्ये आहे. वर्ड २०१० आणि आउटलुक २००७ अशी मोट बांधली असेल तर मजकूर थेट पाठवणं आणि मेल मर्ज (एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाला वेगवेगळं पाठवणं) दोन्ही अडतात. दोघांची आवृत्ती एकच हवी. आउटलुक नसेल तर थंडरबर्ड फुकट मिळतं. त्याला डीफॉल्ट केलं की फाइल आणि पीडीएफ जोडून जातात, बाकीचे दोन पर्याय मात्र आउटलुकवाचून मिळत नाहीत.

खात्याची जोडणी ही पुढची अडचण. जुन्या आउटलुकमध्ये जीमेलचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढायचा आणि तो तिथे भरायचा. प्रकार आयमॅप, येणाऱ्या मेलचा पोर्ट ९९३, जाणाऱ्याचा ४६५, दोन्हीकडे एसएसएल. 'आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं' ही खूण राहिली की मेल येतात पण जात नाहीत. थंडरबर्ड गूगलच्या स्वतःच्या पानावरून लॉगिन करतं, म्हणून तिथे ही कटकट नाही. हॉटमेल किंवा आउटलुक डॉट कॉमचं खातं असेल तर आउटलुक २००७-२०१० चा नाद सोडा. सप्टेंबर २०२४ पासून ही खाती नुसत्या पासवर्डचं लॉगिन घेत नाहीत.

आता पीडीएफचं, कारण आपल्याकडे खरं नुकसान इथेच होतं. श्रीलिपी किंवा सुरेखसारख्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. हळदीची पट्टी डॉक फाइल म्हणून निजामाबादच्या व्यापाऱ्याला पाठवली आणि त्याच्याकडे तो फाँट नसला, तर नाव, वजन, दर या सगळ्याच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उमटते. मजकूर मेलच्या अंगात टाकला तरी तेच. पीडीएफमध्ये फाँट आतच बांधला जातो. एखाद्या फाँटला ती परवानगी नसेल, तर 'सेव्ह ॲज पीडीएफ'च्या ऑप्शन्समध्ये 'बिटमॅप टेक्स्ट'ची खूण असते, ती काढू नका. तिच्यामुळे अक्षरं चित्ररूपाने जातात आणि पट्टी जशीच्या तशी दिसते. २०१० मध्ये ही सोय आयती आहे. २००७ मध्ये ती सर्व्हिस पॅक २ (मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेला सुधारणांचा संच) पासून मिळते, त्याआधी वेगळा ॲड-इन लागायचा. २००७ मध्ये पीडीएफचा पर्यायच नसेल, तर आधी सर्व्हिस पॅक तपासा.

मेल मर्जने सभासदांना वार्षिक सभेची नोटीस पाठवता येते, पण मजकूर मंगलसारख्या युनिकोड फाँटमध्येच हवा. सोबत वेगळी फाइल जोडता येत नाही. अहवाल जोडायचा असेल तर मेल मर्जच्या वाटेला जाऊ नये.

पाठवताना आउटलुक उघडं ठेवा, नाहीतर मेल आउटबॉक्समध्ये पडून राहतो आणि आपण गेला असं समजतो. २००७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि २०१० चा ऑक्टोबर २०२० मध्ये संपला, तेव्हा बाहेरून आलेल्या अनोळखी डॉक फाइली या वर्डमध्ये उघडू नयेत. त्यासाठी त्याच मशीनवर लिबरऑफिस टाकून ठेवा. त्याच्या फाइल मेनूतल्या 'सेंड'मध्ये पीडीएफ करून मेल करण्याचा पर्याय समोरच असतो.