रेंडर फार्मसाठी जुने झिऑन घेताय? आधी माझं ऐका

नाशिकला गंगापूर रोडवर आमचं छोटं ऑफिस आहे. आर्किटेक्ट आणि बिल्डर लोकांसाठी थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू करतो. मी धरून सहा जण. ऑगस्ट २०२४ मध्ये रेंडर फार्मसाठी, म्हणजे थ्रीडी सीनवरून तयार चित्र (रेंडर) काढायला एकत्र जोडलेल्या मशीनसाठी, चार नोड म्हणजे चार मशीन घेतली, जीएसटीसकट ६,१३,६०० रुपये मोजले. त्यातल्या तीन मशीनमध्ये जे प्रोसेसर निघाले, ते मुळात विकायचेच नसतात. माझे पैसे गेले ते गेले. दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आम्ही थ्रीडीएस मॅक्समध्ये काम करतो आणि रेंडर कोरोना या सॉफ्टवेअरवर काढतो. कोरोना ग्राफिक कार्डावर चालत नाही, सगळा भार प्रोसेसरवर. त्यामुळे कोअर किती आणि सगळे कोअर एकदम राबताना किती गिगाहर्ट्झवर टिकतात, एवढंच बघायचं असतं. नवीन थ्रेडरिपर प्रोसेसरचं कोटेशन आमच्या आवाक्याबाहेर होतं. मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरमधून निघालेले झिऑन, म्हणजे इंटेलचे सर्व्हरसाठीचे प्रोसेसर, मात्र बरेच स्वस्त मिळतात आणि वर्षानुवर्षं चालतात. हा मार्ग चुकीचा आहे, असं मी आजही म्हणणार नाही. आम्ही झिऑन गोल्ड ६१४८ ठरवला. २०१७ चा प्रोसेसर, २० कोअर, बेस म्हणजे मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो म्हणजे जास्तीत जास्त ३.७ पर्यंत. एका बोर्डावर दोन बसवले की ४० कोअर, ८० थ्रेड.

विक्रेता मुंबईचा, ओळखीतून मिळालेला. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघितला, चालू होता. बोलायला इतका सरळ की शंका घ्यायला जागाच नाही. स्वतःहून म्हणाला, "मॅडम, बेंचमार्क वगैरे नको, तुमचाच सीन घेऊन या." आमचा ज्युनिअर आणि मी पेनड्राइव्हवर एका बंगल्याचा सीन घेऊन गेलो. सहा मिनिटांत फ्रेम निघाली, पूर्ण लोडवर क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, २.९ गिगाहर्ट्झच्या आसपास स्थिर. तिथंच निम्मे पैसे दिले. आठ दिवसांनी टेम्पोतून चार मशीन आली, विंडोज घालून तयार. मी स्वतः चारही मशीनवर सिस्टिमची माहिती उघडून बघितली. चारही ठिकाणी झिऑन गोल्ड ६१४८ असंच नाव. उरलेले पैसे त्याच दिवशी ट्रान्सफर केले.

दोन महिने काहीच कळलं नाही, त्याला कारण आहे. त्या काळात आमच्याकडे स्टिल व्ह्यूचं काम होतं आणि एका चित्रावर चारही नोड मिळून राबायचे. कोण किती ओझं उचलतंय ते अशा वेळी दिसत नाही, आणि पूर्वीच्या एका मशीनच्या मानाने सगळं झपाट्यानेच होत होतं.

मग दसरा आला. एका बिल्डरला दसऱ्याच्या मुहूर्तावर बुकिंग उघडायचं होतं, १२ ऑक्टोबरला. एक मिनिटाचा वॉकथ्रू, सेकंदाला २५ म्हणजे १५०० फ्रेम. फ्रेमला सहा मिनिटं, चार नोड, साडेसदतीस तास. मंगळवारी संध्याकाळी सातला सुरू केलं की गुरुवारी सकाळी साडेआठपर्यंत हातात. गुरुवारी सकाळी ऑफिसात आले तेव्हा चारशेच्या आसपास फ्रेम बाकी होत्या. रेंडर मॅनेजरमध्ये नोडवार वेळ बघितली. पहिला नोड फ्रेमला सहा मिनिटं घेत होता. दोन, तीन आणि चार, तिघेही सव्वानऊच्या पुढे. एकच सीन, एकच सेटिंग. शेवटची फ्रेम गुरुवारी रात्री दहानंतर निघाली आणि शुक्रवारची अख्खी रात्र एडिटिंगमध्ये गेली. फिल्म वेळेत दिली, पण एक शॉट गाळून. त्या बिल्डरने पुढचं काम आम्हाला दिलं नाही.

आधी वाटलं धूळ असेल, गरम होत असेल. तापमान ठीक होतं. पूर्ण लोडवर क्लॉक मात्र १.९ च्या वर जाईना. विंडोजचाच काही घोळ असेल म्हणून ज्युनिअरने तीन नंबरच्या नोडवर डिस्क फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाकली. थोड्या वेळाने त्याने हाक मारली, "ताई, हे नाव बघा जरा." प्रोसेसरच्या जागी झिऑनही नव्हतं आणि गोल्डही नव्हतं. नुसतं ‘जेन्युइन इंटेल सीपीयू’ आणि पुढे चार शून्यं, टक्क्याची खूण, मग ‘अॅट’ची खूण.

दोन नंबरच्या नोडवर जुनी विंडोज तशीच होती. तिच्यात शोधलं तर मशीन सुरू होताना आपोआप चालणारी एक छोटी स्क्रिप्ट सापडली. तिचं काम एकच, रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, प्रोसेसरचं नाव बदलून ‘झिऑन गोल्ड ६१४८’ लिहायचं. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं नाव त्या स्क्रिप्टने लिहिलेलं होतं. सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर प्रोसेसरचं नाव थेट चिपकडून वाचतं. तिथे तेच चार शून्यांचं नाव आलं, शेवटी ‘ईएस’.

ईएस म्हणजे इंजिनिअरिंग सॅम्पल. प्रोसेसर बाजारात येण्याआधी इंटेल असे नमुने बोर्ड आणि सर्व्हर बनवणाऱ्यांना चाचणीसाठी देते. ते इंटेलच्याच मालकीचे असतात, विक्रीसाठी नसतात, त्यांना वॉरंटी नसते. कोअर पूर्ण असू शकतात, पण क्लॉक कमी असतो आणि अंतिम चिपमध्ये दुरुस्त झालेले दोष त्यांच्यात तसेच राहिलेले असू शकतात.

शनिवारी, दसऱ्याच्याच दिवशी, आम्ही प्रोसेसरवरचा हीटसिंक (तो थंड ठेवणारा धातूचा भाग) उघडला. वाळलेली थर्मल पेस्ट टिश्यूने पुसत गेलो तशी एकेक अक्षरं वर आली: ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’. मॉडेल नंबर कुठेच नाही. खाली ‘क्यू’ने सुरू होणारा चार अक्षरी कोड. विक्रीच्या चिपवर तिथे ‘एस’ने सुरू होणारा कोड असतो. तिन्ही मशीन उघडली. सहाच्या सहा चिप तशाच. खऱ्या चिप होत्या फक्त डेमोच्या मशीनमध्ये, म्हणजे पहिल्या नोडमध्ये.

फोन केला. तो चिडला नाही, घाबरला नाही. म्हणाला, "मॅडम, बिल बघा ना. काय लिहिलंय? रिफर्बिश्ड वर्कस्टेशन, ड्युअल झिऑन, ४० कोअर. कोअर चाळीस आहेत ना?" बिल काढलं. खरंच तेवढंच लिहिलेलं. ६१४८ हा आकडा बिलावर कुठेही नव्हता. आमच्या व्हॉट्सअॅपवरच्या बोलण्यात तो होता, त्याच्या कोटेशनमध्ये होता, पण बिलात नेमका गाळला होता. आणि ते बिल मी न वाचता सीएकडे पाठवलं होतं. जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी पोर्टलवरच्या यादीत, ते व्यवस्थित दिसलं, भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही मिळालं. पण जीएसटी बरोबर भरला म्हणजे माल बरोबर दिला, असं होत नाही. माझी गल्लत तिथे झाली.

वकिलांकडे गेल्यावर आणखी एक गोष्ट कळली, आणि ती छोट्या ऑफिसवाल्यांनी आधीच माहीत करून घ्यावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी माल घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलं असेल तर अपवाद आहे, पण पाच पगारी माणसं आणि चार सर्व्हर म्हटल्यावर तो मुद्दा टिकवणं अवघड, असं त्यांचं मत पडलं. पोलीस चौकीत ‘ही दिवाणी बाब आहे’ हे ऐकून घ्यावं लागलं. शेवटी नोटीस पाठवली. सोबत त्या स्क्रिप्टचा स्क्रीनशॉट, चिपचे फोटो, कोटेशन आणि चॅट जोडलं. त्याच्यावर परिणाम झाला तो स्क्रिप्टमुळे, कारण ‘चुकून वेगळा लॉट आला’ म्हणायची सोय तिथे संपत होती. एका नोडसाठी खऱ्या चिप आल्या आणि ६०,००० रुपये परत मिळाले. बाकी दोन नोडचं अजून काही झालेलं नाही.

आता कुठलंही जुनं मशीन घेताना आम्ही लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह सोबत नेतो. विकणाऱ्याच्या विंडोजला हातच लावायचा नाही. आपल्या पेनड्राइव्हवरून बूट करून ‘एलएससीपीयू’ ही कमांड दिली की चिपचं खरं नाव समोर येतं. बायोसमध्येही ते दिसतं, पण आम्ही तेव्हा बायोस उघडलाच नव्हता. आपला सीन प्रत्येक मशीनवर चालवायचा, एकाच मशीनवर नाही, आणि निदान तासभर. वेळ लागतो, दुकानदार कंटाळतो, कंटाळू दे. निवडलेल्या प्रत्येक मशीनचा सीरियल नंबर तिथेच लिहून घ्यायचा आणि फोटो काढायचा. बिलावर प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल आणि ‘ईएस किंवा क्यूएस नाही’ एवढे शब्द लिहून मागायचे (क्यूएस म्हणजे क्वालिफिकेशन सॅम्पल, विक्रीआधीचाच आणखी एक प्रकारचा नमुना). गेल्या महिन्यात एका विक्रेत्याने हे लिहून द्यायला नकार दिला. आम्ही तिथून उठून आलो.

ते दोन नोड अजून ऑफिसात आहेत. रात्री टेस्ट रेंडर टाकतो त्यांच्यावर, वेळेच्या कामाला लावत नाही. एकाने विचारलं, जुने नोड विकायचे आहेत का. मी त्याला ऑफिसात बोलावलं, हीटसिंक काढून चिप दाखवली. त्याने फोटो काढून घेतला आणि त्याच दिवशी आपल्या ऑफिसातली दोन मशीन उघडायला गेला.